हसलेले अनारसे

दर आठवड्याला या पानावर आपली गाठ पडते ती दीड रकान्यापुरती. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांनी निरोप धाडला, "या खेपेला हात आखडता घेऊ नका." प्राध्यापकाला असं सांगणं धोक्याचं असतं. तासाची घंटा झाली तरी आम्ही फळ्यापासून हलत नाही, हे माझे विद्यार्थी सांगतीलच. पण या वेळी जादा जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला. जे लिहायचं होतं ते दीड रकान्यात मावण्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते लिहायचं धैर्य गोळा करण्यातच माझ्या तीन दिवाळ्या गेल्या.

ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "लिही. पण माझं नाव घालू नकोस. आणि अनारसे माझ्या हातून बिघडले असं लिहू नकोस. तांदूळ जुना नव्हता."

तर तांदूळ जुना नव्हता, हे आधीच सांगून टाकते.

माझ्या सासूबाई सांगलीच्या. गावभागात, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर त्यांचं जुनं घर होतं. सासरे सरकारी नोकरीत होते. निवृत्त होऊन ते २०१६ साली गेले. त्यानंतरही सासूबाई त्या घरात एकट्या, पण अगदी भरल्या घरात राहावं तशा राहत होत्या. सकाळी गणपतीच्या देवळात जायचं, येताना भाजीवालीशी हुज्जत घालायची, दुपारी भिशीची वही उघडायची. गल्लीतल्या पंचवीस बायकांचे पैसे त्या वहीत असत आणि एका पैचाही घोळ कधी झाला नाही. दिवाळीला त्यांचे अनारसे आठ घरी जात. एखाद्या घरचे अनारसे बिघडले की तिथली सून पातेलं घेऊन धावत यायची, आणि सासूबाई पिठात बोट घालून, जिभेवर ठेवून सांगायच्या, "गूळ जास्त झालाय. मूठभर पिठी घाल आणि उद्या तळ." वैद्यानं नाडी पाहावी तसा तो प्रकार असे.

२०१९च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला. पूर त्यांना नवा नव्हता. २००५चा त्यांनी पाहिला होता. पण या वेळचं पाणी काही औरच होतं. शेजारच्या गच्चीवर दोन रात्री काढल्यावर त्यांना होडीतून बाहेर काढलं. आम्ही त्यांना पुण्याला घेऊन आलो ते "चार दिवसांसाठी". घर वाळेपर्यंत. मग भिंतींना ओल धरली म्हणून आणखी चार महिने. आणि मग २०२०चा मार्च उजाडला आणि सगळ्या जगालाच कुलूप लागलं.

आमचं बिऱ्हाड पाचव्या मजल्यावर. लिफ्टची त्यांना भीती वाटे. मध्येच अडकली तर काय, म्हणून. आमच्या शेगडीला खटका नाही, नुसतं बोट टेकवायचं. त्यांच्या बोटाला ती दाद देत नसे. दूधवाल्याचे, वाण्याचे पैसे फोनवरून जात. घरात त्यांच्या हाताला काही येतच नव्हतं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, हे मुद्दाम नोंदवून ठेवते. कारण दुष्टपणा असता तर हे सगळं आमच्या लवकर लक्षात आलं असतं. मी त्यांना कधी उलटून बोलले नाही. त्या स्वयंपाकघरात आल्या की मी फक्त म्हणायची, "अहो आई, तुम्ही बसा."

मराठी शिकवण्याचा धंदा असल्यामुळे या क्रियापदाशी माझा जुना परिचय आहे. मोठं चमत्कारिक क्रियापद आहे ते. घडी बसते, जम बसतो, संसाराचं बस्तान बसतं. आणि त्याच क्रियापदानं आवाज बसतो, धंदा बसतो, पावसात भिंत बसते. पाहुण्याला आपण आदरानं बसा म्हणतो. मी सासूबाईंना दिवसातून दहादा बसा म्हणत होते. ते यातल्या कोणत्या अर्थानं त्यांच्यापर्यंत पोचत होतं, याचा विचार या भाषापंडितेला कधी सुचला नाही.

त्या वर्षीची दिवाळी घरातच होती. सासूबाईंनी तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, पंचावर पसरून वाळवले, कुटले, गूळ मिसळून पीठ मुरत ठेवलं. आठवडाभर त्या डब्याकडे लहान मुलासारख्या पाहत होत्या. मला वाटतं, पुण्याला आल्यापासूनचा तो त्यांचा पहिला चांगला आठवडा असावा. मग धनत्रयोदशीला कढई ठेवली. खसखशीवर थापलेला पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला.

ज्यांनी अनारसे केले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: अनारसा हसला म्हणजे तो तुपात पसरून त्याचा चुरा झाला. आपल्या भाषेत काही हसणी अशी असतात. दुसरा हसला. तिसराही हसला. सासूबाईंचा हात थरथरू लागला. पिठी घालायची, हे जन्मभर दुसऱ्यांना सांगणाऱ्या त्या बाईला त्या क्षणी ते आठवलं नाही. आणि मी, वास्तविक शेजारी उभी असलेली मी, काय बोलले? "राहू द्या हो आई. विकत आणू. तुम्ही बसा."

त्यांनी शेगडी बंद केली, म्हणजे मला करायला सांगितली, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसल्या. त्या बसल्या त्या पुढं वर्षभर उठल्या नाहीत म्हणायला हरकत नाही.

पहाटे तीनला जाग येऊ लागली. जेवण कमी झालं. "कशाला चव नाही," म्हणत. पाठ दुखते, पोटात वायू धरतो, छातीत धडधडतं, अशा एकामागून एक तक्रारी निघाल्या. आम्ही हृदयाचा आलेख काढला, पोटाची सोनोग्राफी केली; सगळं ठीक. मग विसरायला लागल्या. एकदा नातवाचं नाव चटकन आठवलं नाही, तर रडल्या. आमच्या घरात कुजबुज सुरू झाली की हा स्मृतिभ्रंश तर नव्हे?

या काळात उपाय सुचवणाऱ्यांची काही वाण नव्हती. आमचे हे म्हणाले, "वय झालंय आईचं." समोरच्या बाईंनी गीता वाचायला सांगितली. सासूबाईंना गीतेचे बरेचसे अध्याय पाठ. त्यांनी नुसती मान हलवली. मी माझ्या धंद्याला जागून पुस्तकं आणून दिली. आठ दिवसांनी पाहिलं तर खूण त्याच पानावर. एका नातेवाइकांनी महर्षी कर्व्यांचा दाखला दिला. आपल्याकडे निवृत्त माणसाला कर्व्यांचा दाखला देण्याची पद्धतच आहे. १८५८ साली जन्मलेल्या अण्णांनी १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं आणि १९४४ साली समता संघ स्थापला, हे खरंच आहे, आणि त्यापुढं मान लवलीच पाहिजे. पण ज्याला सकाळी दात घासायला उठवत नाही त्याला हे सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला शर्यतीचं मैदान दाखवणं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "ते कर्वे होते. मी कोण?"

त्यात २०२१ साली सांगलीचं घर विकायचं निघालं. दुरुस्तीचा खर्च न झेपणारा होता. आमच्या ह्यांचं म्हणणं विकावं, धाकट्या दिरांचं म्हणणं ठेवावं. दोघं भाऊ फोनवर जे बोलायला नको ते बोलले. कागद सासऱ्यांच्या पश्चात सासूबाईंच्या नावावर होते. त्यांना कुणी विचारलं नाही असं नाही, पण विचारलं ते सही कुठं करायची हे दाखवून. त्यांनी सही केली. मग विचारलं, "माझं कपाट कुठं जाणार?" त्या कपाटाचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. दिरांनी येणं सोडलं. त्या दिवसापासून सासूबाईंनी मनाशी एकच धरलं, की माझ्यापायी मुलं तुटली.

आता मला कळतं की हे असं प्रत्येक दोषाचं गाठोडं आपल्याच डोक्यावर घेणं हेसुद्धा त्या आजाराचं लक्षण असतं. तेव्हा मला तो फक्त त्यांचा हट्ट वाटला, आणि एकदा मी चिडून तसं बोललेही. त्यांनी उत्तर दिलं नाही. पूर्वीच्या सासूबाई असत्या तर त्यांनी मला चांगलं सुनावलं असतं. त्यांनी सुनावलं नाही, तेव्हा माझ्या पोटात पहिल्यांदा गोळा आला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. थायरॉइड मंद झालं किंवा बी-१२ जीवनसत्त्व फार घटलं तरी माणूस असाच मलूल, विसराळू होतो; आपल्या शाकाहारी घरांत तर बी-१२ची बोंब असतेच. सासूबाईंचं ते कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. पण डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. घरी आल्यावर सासूबाईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे मी वेडी झाले का?" आमच्या ह्यांना उत्तर देता येईना. शेवटी आमची लेक म्हणाली, "आजी, बाबा पण गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातात, म्हणून ते काय लंगडे आहेत?" तर्कशास्त्राच्या दृष्टीनं यात खोट आहे, पण आजी निघाल्या.

त्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान. त्यांच्याजवळ पंधरा प्रश्नांचा एक तक्ता होता. उत्तरं फक्त हो किंवा नाही. वृद्धांमधलं नैराश्य ओळखण्यासाठी १९८०च्या दशकात अमेरिकेत ही प्रश्नावली तयार झाली आणि आज जगभर वापरली जाते. गंमत म्हणजे तिच्यात झोप, भूक, अंगदुखी यांबद्दल एकही प्रश्न नाही. कारण म्हातारपणी या तक्रारी एरवीही असतात, आणि मग खिन्नता कुठली नि वय कुठलं ते उमजत नाही. तेव्हा प्रश्न सगळे मनाचे. पण खरी अडचण निराळीच होती. बाईंनी विचारलं, "तुम्हाला निराश वाटतं का?" सासूबाई म्हणाल्या, "नाही." "उदास वाटतं?" "नाही." असे चार-पाच नाही झाल्यावर बाईंनी तक्ता बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आजी, तुम्हाला इथं करमतं का हो?"

सासूबाई जे रडू लागल्या ते थांबेनात.

मी वर्गात विषाद, खिन्नता, औदासीन्य यांच्या छटा उलगडून दाखवते. सांगलीच्या बाईच्या लेखी हे सगळे पुस्तकातले शब्द. तिचं दुःख करमत नाही, मन लागत नाही, गोड लागत नाही, उभारी नाही या शब्दांत राहत होतं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी "तुला डिप्रेशन आलंय का" असं विचारत असेल तर त्याला नाही असंच उत्तर मिळेल, आणि तो समाधानानं कामाला निघून जाईल. करमतं का, असं विचारून पाहा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.

मग बाईंनी मला बाहेर पाठवलं. आत काय बोलणं झालं ते सासूबाईंनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. बाईंनी सरळ विचारलं होतं, मरून जावंसं वाटतं का. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरवला जातो अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. विचारल्यानं माणूस मोकळा होतो. सासूबाई म्हणाल्या होत्या, "जीव द्यायचं नाही मनात. पण झोपेत सुटले तर बरं." आणि पुढं म्हणाल्या होत्या, "सून चांगली आहे. मला पाहुणीसारखं ठेवते. पण पाहुण्याला परत जायला घर असतं."

हे वाक्य मी इथं लिहिलं आहे. याहून अधिक मला त्याबद्दल लिहिता येणार नाही.

औषधाबद्दल मात्र लिहायला हवं, कारण आपल्याकडे त्याविषयी फार भ्रम आहेत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. नैराश्य हा म्हातारपणाचा धर्म नव्हे. तो आजार आहे आणि बहुतेकांचा बरा होतो. विसरभोळेपणा कित्येकदा त्या आजाराचाच असतो, आणि मन सावरलं की स्मरणही सावरतं. अर्थात ते तपासूनच ठरवायचं. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, पण त्या आपल्या मनानं एकदम थांबवायच्या नाहीत. गुण दिसायला काही आठवडे लागतात. त्या आधी थोडी मळमळ होते आणि नेमकी तेव्हाच माणसं गोळी सोडतात. वृद्धांत रक्तातलं सोडियम घसरू शकतं, तेव्हा ते तपासत राहायचं. सगळं काळजीपूर्वक ऐकून आम्ही घरी आलो, पाचव्या-सहाव्या आठवड्यात सासूबाई जेवणाला मीठ कमी आहे म्हणाल्या आणि आम्ही आनंदलो. चार महिन्यांनी त्या इतक्या बऱ्या दिसू लागल्या की आम्ही शहाण्यांनी गोळ्या बंद केल्या. कुणालाही न विचारता. २०२२च्या पावसाळ्यात पहाटेचे तीन पुन्हा वाजू लागले. बाई रागावल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. बरं वाटू लागल्यावरही बरेच महिने, कधी वर्षभर, गोळी चालू ठेवायची असते, हे त्यांनी मला दुसऱ्यांदा समजावलं. पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी वहीत लिहून घेतलं होतं, हे नंतर मला वहीतच सापडलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी गोळीबरोबर एका समुपदेशक मुलीकडेही पाठवलं. ही मुलगी उपदेश करत नसे. ती विचारायची, "आजी, या आठवड्यात कोणती एक अडचण सोडवायची?" मला हे पोरखेळ वाटले. पुढं वाचताना कळलं की यामागे चांगला आधार आहे. आपल्या शेजारी गोव्यात या पद्धतीचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. साठीपुढच्या, मन खचू लागलेल्या पण अजून पूर्ण आजारात न गेलेल्या १८१ माणसांचे दोन गट केले. एका गटाला डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी अडचणी एकेक करून सोडवायला शिकवलं. झोप, मधुमेहासारख्या दुखण्यांची निगा, सरकारी योजनांचे कागद यांतही मदत केली. वर्षभरात त्या गटातल्या ९१ पैकी ४ जणांना नैराश्याचा आजार जडला; नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्या ९० पैकी १३ जणांना. हे वाचल्यावर माझं 'पोरखेळ' मी मुकाट्यानं मागं घेतलं.

सासूबाईंनी निवडलेली पहिली अडचण कोणती असेल? मला वाटलं मुलांचं भांडण, किंवा घर. त्या म्हणाल्या, "लिफ्ट."

तीन वर्षं त्या एकट्या खाली उतरल्या नव्हत्या. लिफ्टची भीती होती, आणि जिने गुडघ्यांना झेपत नव्हते. इतकी साधी गोष्ट. आम्ही त्यांना खाली फिरून या म्हणत होतो, फिरलं की बरं वाटेल म्हणून व्याख्यानं देत होतो. आणि खाली कसं जायचं हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पहिल्या आठवड्यात लिफ्टचं दार उघडून नुसतं आत उभं राहायचं. दुसऱ्या आठवड्यात नातीबरोबर एक मजला. मग रखवालदारानं आतली घंटा वाजवून दाखवली आणि अडकल्यास तो किती वेळात येतो ते सांगितलं. महिन्यानं त्या एकट्या खाली गेल्या आणि अर्धा तास आल्या नाहीत. मी गॅलरीतून पाहते तो त्या फाटकाशी उभ्या राहून भाजीवाल्याला त्याच्या मेथीची लायकी समजावून सांगत होत्या.

मलाही त्या मुलीनं गृहपाठ दिला होता: आठवडाभर 'तुम्ही बसा' म्हणायचं नाही. आणि दुसरा, अधिक अवघड: खोटं काम द्यायचं नाही. मटार सोलायला देणं हे खोटं काम. नाही सोलले तरी चालणार असतं, आणि ते म्हाताऱ्या माणसाला कळतं. "तुम्हाला खरोखर काय जमत नाही?" असं तिनं मला विचारलं. या प्रश्नाचं उत्तर देणं सुनेला जड जातं. प्राध्यापिकेला तर फारच. पण मला घरचा हिशेब जमत नाही. कधीच जमला नाही. मी सासूबाईंपुढं दोन महिन्यांच्या चिठ्ठ्या आणि फोनमधले आकडे ठेवले आणि म्हटलं, "आई, मला काही कळत नाही यातलं." त्यांनी चष्मा लावला, एक जुनी वही मागितली, आणि संध्याकाळपर्यंत दूधवाल्यानं आम्ही गावी होतो त्या नऊ दिवसांचेही पैसे लावल्याचं शोधून काढलं.

तेव्हापासून आमच्या घरात भांडणं सुरू झाली. भाजीवर मी किती उधळते, कामवालीच्या खाड्यांचं काय, तेल कुठल्या दुकानातून आणावं, सगळ्यावर. परवा त्या मला म्हणाल्या, "एम. ए. झालीस ती बेरीज न शिकताच." मी रागावले. रात्री ह्यांना सांगितलं तर ते चक्क हसले. आमच्या घरात सासूबाई कुणाला टोचून बोलल्या की हल्ली सगळ्यांना बरं वाटतं.

सगळंच जुळून आलं असं मात्र समजू नका. २०२३च्या गणपतीत सासूबाईंनी स्वतः फोन करून धाकट्या मुलाला बोलावलं. दीर आले, जेवले, दोघा भावांनी क्रिकेटवर तासभर बोलून घेतलं आणि घराचा विषय ताटाखाली ठेवून उठले. अजून तो तिथंच आहे. सासूबाईंनी एक मात्र सोडलं: मध्यस्थी. "तुमचं तुम्ही पाहा. मला दोघंही हवेत," एवढं दोघांना वेगवेगळं सांगून त्या मोकळ्या झाल्या. कपाटाबद्दल त्यांनी आम्हाला क्षमा केलेली नाही, आणि करावी अशी माझी अपेक्षाही नाही.

या विषयावर मागं एकदा ओझरता उल्लेख केला तेव्हा बरीच पत्रं आली होती. एक निवृत्त बँक अधिकारी लिहितात की लाखोंची उलाढाल सांभाळली, पण मुलासमोर फोनवर चुकीचं बटण दाबलं की पोरगा "द्या इकडे" म्हणून हिसकावून घेतो, आणि आता त्यांचा हात फोन पाहूनच कापतो. त्यांच्या चिरंजीवांनी हे वाचावं म्हणून छापते. दुसऱ्या एका बाईंनी लिहिलं, "आमच्या घरी 'नटसम्राट' चाललंय." कुसुमाग्रजांचं हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं आणि तेव्हापासून सर्वस्व मुलांना देऊन बसलेल्या प्रत्येक बापाला आपण बेलवलकर म्हणतो. त्या बाईंना मी कळवलं ते इथंही सांगते. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं साठीपुढच्या माणसाला मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, त्यासाठी वेगळं न्यायाधिकरण आहे. आणि सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल नि सांभाळ होत नसेल, तर ते देणं रद्द ठरवून घेता येतं. मात्र ती अट कागदावर स्पष्ट घालून घ्यावी. प्रेमाच्या भरात तोंडी देऊ नये. आप्पासाहेबांना हे कलम उपलब्ध नव्हतं. आमच्या घराला लागू नव्हतं. आम्ही आईंना उपाशी ठेवलं नव्हतं, तूपभात वाढत होतो. कायद्याच्या चिमटीत सापडेल असा आमचा अपराध नव्हता.

आणखी दोन आकडे टिपून ठेवा. मनाच्या दुखण्यासाठी सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते, फुकट आणि मराठीतही. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७. कुणी "आता जगून काय करायचं" असं वारंवार म्हणू लागलं तर ते बोलणं म्हातारपणाचं म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सासूबाईंचं कुटुंब-निवृत्तिवेतन बँकेत जमा होतं, आणि दर नोव्हेंबरात त्यासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत असं लिहून सही करावी लागते. आजाराच्या वर्षांत हे त्यांना घेऊन जात, खुर्चीवर बसवत आणि कागद पुढं करत. गेल्या नोव्हेंबरात त्या म्हणाल्या, "मी जाऊन येते." रिक्षा करून एकट्या गेल्या. दोन तासांनी आल्या त्या तणतणत. खिडकीपाशी बरीच रांग होती आणि तिथल्या मुलानं त्यांना पाहून "आजी, तुम्ही बसा, कुणाला तरी पाठवा" म्हटलं होतं. "मी म्हटलं त्याला, अरे, जिवंत असल्याची सही दुसरं कोण करणार?"

यंदा तांदूळ त्यांनी स्वतः पाहून आणला आहे, जुना. पीठ डब्यात मुरतं आहे. मी सकाळपासून हे लिहीत बसले आहे आणि आतून दोनदा हाक येऊन गेली. ही तिसरी.

"अगं, तुझा तो लेख राहू दे घटकाभर. खसखस कुठं ठेवलीस?"